महिला आणि बालकांचं कुपोषण, आणि त्यातली विषमता : महाराष्ट्रातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगणवाडी सेविका, आशाताई, समाजकार्याचे विद्यार्थी, तरुण आया आणि काही सरपंच यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. सर्वेक्षणाचे आकडे, वेगळं सांगितलं नसेल तिथे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतले म्हणजे २०१९-२१चे आहेत.

१. कुपोषण म्हणजे पोटभर जेवायला न मिळणं, एवढंच ना?

नाही. नुसत्या भातावर पोट भरलेलं मूलही कुपोषित असू शकतं. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये तीन गोष्टी मोजतात. वयाच्या मानाने उंची कमी असेल तर तो खुजेपणा. उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर तो लुकडेपणा. वयाच्या मानाने वजन कमी असेल तर ते कमी वजनाचं मूल. खुजेपणा एका दिवसात येत नाही. आईच्या पोटात असल्यापासून महिनोन्‌महिने जे कमी पडत गेलं ते उंचीत उतरतं. लुकडेपणा मात्र एका जुलाबाच्या आजारपणात किंवा पावसाळ्यातल्या दोन महिन्यांच्या टंचाईत येऊ शकतो, आणि जिवावर बेततो तो बहुधा हाच.

चौथी गोष्ट वजनकाट्यावर दिसत नाही, ती म्हणजे रक्तक्षय, रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असणं. अंगाने भरलेल्या बाईचं हिमोग्लोबिनही आठ असू शकतं.

२. माझं मूल बारीक दिसतं. ते कुपोषित आहे का, हे घरी कसं ओळखू?

नजरेवर जाऊ नका. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर मोजून घ्या. सेविकेकडे किंवा आशाताईकडे त्याची रंगीत पट्टी असते. डाव्या दंडाच्या मध्यावर मोजायचं. ११.५ सेंटिमीटरच्या खाली म्हणजे लाल, तीव्र कुपोषण (सॅम). ११.५ ते १२.५ च्या मध्ये पिवळा, मध्यम कुपोषण (मॅम). दोन्ही पायांवर सूज असेल आणि बोटाने दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर पट्टी काहीही म्हणो, मूल थेट दवाखान्यात न्या. अशी सूज आलेलं मूल गुबगुबीत दिसतं आणि घरातले निश्चिंत राहतात.

सहा महिन्यांखालच्या बाळाला ही पट्टी लावत नाहीत. त्याचं वजन वाढतंय का आणि ते नीट चोखतंय का, हे पाहायचं.

३. यात विषमता कुठे आली? गरीब असेल तिथे कुपोषण असणारच.

गरिबी आहेच, पण गरिबीलाही जात, जागा आणि बाईमाणूस असणं चिकटलेलं आहे. देशातल्या सर्वांत गरीब पंचमांश घरांमधली सुमारे ४६ टक्के मुलं खुजी आहेत, तर सर्वांत श्रीमंत पंचमांशात सुमारे २३ टक्के. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आईच्या मुलांमध्ये खुजेपणा ४६ टक्क्यांच्या आसपास आहे आणि बारावी किंवा पुढे शिकलेल्या आईच्या मुलांमध्ये २६च्या आसपास. अनुसूचित जमातींमध्ये हे प्रमाण सुमारे ४१, अनुसूचित जातींमध्ये ३९, आणि आरक्षणाबाहेरच्या समाजांमध्ये ३०च्या आसपास.

या गोष्टी एकमेकींवर चढतात. आदिवासी असणं, पाडा रस्त्यापासून लांब असणं, आई सतराव्या वर्षी बाळंत झालेली असणं आणि बाप सहा महिने वीटभट्टीवर असणं हे चारही एकाच घरात येतं. त्या घरातल्या मुलाला राज्याची सरासरी लागू होत नाही. म्हणून जिल्ह्याचा आकडा सुधारला असं कुणी सांगितलं, की कोणत्या तालुक्यात, कोणत्या वस्तीत, कुणाच्या घरात, एवढं तरी विचारायलाच हवं.

४. महाराष्ट्र एवढं पुढारलेलं राज्य. इथे कुपोषण देशापेक्षा कमी असेल ना?

खुजेपणात आपण जवळजवळ देशाच्या बरोबरीला आहोत : महाराष्ट्रात ३५.२ टक्के, देशात ३५.५. लुकडेपणात आपली स्थिती देशापेक्षा वाईट आहे : इथे २५.६ टक्के, देशात १९.३. तीव्र लुकडेपणा इथे १०.९ टक्के आहे, देशात ७.७. म्हणजे राज्यातल्या दर नऊ-दहा मुलांमागे एक मूल या गटात येतं. या आकड्याची मला अजून सवय झालेली नाही आणि कुणालाच होऊ नये असं वाटतं.

पैसा असलेल्या राज्यात असं का, याची कारणं बरीच आहेत, पण मला सर्वांत मोठं वाटतं ते संपत्तीचं भौगोलिक वाटप. मुंबई-पुण्याची कमाई राज्याच्या सरासरीत मोजली जाते. नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावात, मेळघाटच्या धारणी-चिखलदऱ्यात, पालघरच्या जव्हार-मोखाड्यात किंवा गडचिरोलीच्या आत ती पोहोचत नाही. कोरडवाहू शेती, एक पीक, आणि दिवाळीनंतर रिकामे होणारे पाडे. आणि मुंबईतही गोवंडी-मानखुर्दच्या झोपडपट्टीत काही मैलांच्या आत वेगळंच राज्य सुरू होतं.

हे बदलू शकतं, याचा पुरावाही याच राज्यात आहे. कुपोषणाविरुद्ध स्वतंत्र मिशन काढणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, साल २००५. त्या वेळच्या सर्वेक्षणात पाच वर्षांखालची ४६.३ टक्के मुलं खुजी होती. दहा वर्षांनी ती ३४.४ टक्क्यांवर आली. पुढच्या फेरीत मात्र आकडा हललाच नाही, उलट ३५.२ झाला. मुलांमधला रक्तक्षय त्याच काळात ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेला.

५. आपल्याकडची माणसं मुळातच बुटकी. परदेशी मापं आपल्या मुलांना का लावायची?

हा प्रश्न डॉक्टरही विचारतात. आज वापरतात ती मापं जागतिक आरोग्य संघटनेची, २००६ मध्ये आलेली. ती बनवताना सहा देशांतली मुलं घेतली होती : ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. भारतातली मुलं दिल्लीतल्या सुस्थितीतल्या घरांमधली होती. आईचं दूध, स्वच्छ पाणी, लसीकरण, बिडी-सिगारेटमुक्त घर एवढं मिळाल्यावर पहिल्या पाच वर्षांत सगळीकडची मुलं जवळजवळ सारखीच वाढली. मोठेपणी आनुवंशिकतेचा फरक पडतो, पण दोन वर्षांचं मूल खुजं असण्याचं खापर वंशावर फोडता येत नाही.

६. मूल कुपोषित आहे तर त्याला खायला द्या. प्रत्येक वेळी आईचा विषय का काढता?

कारण मूल आईच्या दिवसावर वाढतं. मोखाड्याच्या बाजूला एका पाड्यावर वजनाच्या दिवशीची गोष्ट सांगते. दीड वर्षाचं मूल सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर होतं. पट्टी ११.२ वर थांबली. आई मागून आली, हातात विळा, पदर कमरेला खोचलेला. सेविकेने तक्त्यावरची चित्रं दाखवत विचारलं, "दिवसातून किती वेळा भरवतेस गं?" ती म्हणाली, "मी घरी असते तेव्हा."

पहाटे पाचला उठून विहिरीवर दोन खेपा, भाकरी, मग रोजावर, दिवेलागणीला परत. दीड वर्षाच्या मुलाचं पोट एवढुसं. त्याला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा खाऊ लागतो. आई घरी असते तेव्हा म्हणजे दोनदा, त्यातल्या एका वेळी ते अर्धवट झोपेत. सात वर्षांची बहीण काय भरवणार? तिलाच कुणीतरी भरवायला हवं. त्या आईला नाचणी चांगली की डाळ चांगली हे माहीत होतं. तिच्याकडे नव्हता तो वेळ, आणि मूल ठेवायला जागा.

दुसरा धागा त्याआधीचा. राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. सोळा-सतराव्या वर्षी पोरीचं स्वतःचं शरीर वाढत असतं, त्यात गर्भ वाढायला लागला की दोघांनाही पुरत नाही. बाळ अडीच किलोच्या खाली जन्मतं, आणि जन्मतःच मागे पडलेलं मूल दोन वर्षांच्या आत भरून निघणं अवघड जातं. ते मूल मुलगी असेल तर अठरा-वीस वर्षांनी हाच हिशेब पुन्हा. गर्भारपणापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांबद्दल सगळे बोलतात. मी त्याच्या आधीचीही दहा वर्षं धरते.

म्हणून आहाराच्या सल्ल्याइतकीच पाळणाघराची गरज आहे. मनरेगाच्या कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरीवर नेमायचं असं लिहून ठेवलं होतं. मी पाहिलेल्या कामांवर ती बाई क्वचितच दिसली. आता 'पालना' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे. तुमच्या ग्रामपंचायतीने त्याची मागणी केली आहे का, विचारा.

७. बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते, हा आपला संस्कार आहे. त्याने एवढा फरक पडतो?

जेवण भरपूर असेल तर पडत नाही. कमी असेल तर खूप पडतो. बाप्ये आणि मुलगे उठले की टोपाच्या तळाशी पातळ रस्सा उरतो, डाळीचे दाणे आधीच वर गेलेले असतात. ती त्यात भाकरी कुस्करते आणि जेवण झालं म्हणते. रोजचं.

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, पुरुषांमध्ये सुमारे २२ टक्क्यांना. पाळी आणि बाळंतपणात रक्त जातंच, त्यामुळे सगळा फरक ताटाच्या माथी मारता येणार नाही. पण जिचं रक्त जास्त जातं तिला जास्त मिळायला हवं, आणि मिळतं कमी. पाचांतली एक बाई (२०.८ टक्के) तिच्या उंचीला हवं त्यापेक्षा हडकुळी आहे.

काही गावांत सासवांच्या बैठका घेऊन एवढंच ठरवलं की गरोदर सुनेचं ताट आधी काढून झाकून ठेवायचं. ती कधी का जेवेना. भांडण न होता जमलेला हा उपाय आहे.

८. मुलींमध्ये कुपोषण मुलांपेक्षा जास्त असतं का?

पाच वर्षांखाली मोजमापात तसं दिसत नाही. खुजेपणा मुलग्यांमध्येच किंचित जास्त आढळतो. अनेकांना हे पटत नाही, पण आकडा आहे तसा सांगायला हवा. फरक दुसरीकडे दिसतो. मुलगा होईपर्यंत एकाच घरात पाठोपाठ होत राहिलेल्या मुली, आजारी मुलीला दवाखान्यात न्यायला लागलेला उशीर, आणि मग वयात आल्यावर. देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आहे, त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये ३१.१ टक्के. पाचव्या वर्षापर्यंत जवळपास बरोबरीने चाललेली पोर पंधराव्या वर्षी मागे पडलेली असते. मधल्या दहा वर्षांत तिला अंगणवाडी नसते आणि काम मात्र वाढत जातं.

९. अंगणवाडीतून नेमकं काय मिळायला हवं? ही मेहेरबानी की हक्क?

हक्क. अंगणवाड्या जिच्यातून चालतात ती एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली तेव्हा ती योजना होती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी आणि २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तिला हक्काचं रूप दिलं. कायद्यातलं मूळ प्रमाण असं होतं : सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, कुपोषित मुलाला ८०० उष्मांक आणि २० ते २५ ग्रॅम, गरोदर आणि स्तनदा मातेला ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम. तीन वर्षांखालच्या मुलांना आणि मातांना हे घरपोच आहार म्हणून मिळतं (प्रश्न १३ पाहा), तीन ते सहा वयाला अंगणवाडीत ताजं.

आदिवासी भागात याशिवाय डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. त्यात गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतर सहा महिने बाईला एक वेळचं पूर्ण गरम जेवण, आणि मुलांना अंडी. जेवण अंगणवाडीतच बसून खायचं आहे, आणि त्यामागे विचार आहे : घरी नेलं तर ते तिच्या पोटात जात नाही.

मिळत नसेल तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि पुढे राज्य अन्न आयोगाकडे लेखी तक्रार करता येते. आहार दिला नाही तर भत्ता देण्याची तरतूदही कायद्यात आहे.

१०. मातृत्व लाभाचे पैसे सगळ्या गरोदर बायकांना मिळतात का?

अन्न सुरक्षा कायदा म्हणतो, सरकारी नोकरीत असलेल्या आणि असा लाभ दुसरीकडून मिळणाऱ्या सोडून प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये. योजना मात्र त्याहून अरुंद आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये हप्त्यांनी, आणि दुसरं बाळ मुलगी असेल तरच ६,०००. तिसऱ्या खेपेची बाई यातून बाहेर, आणि बहुधा सर्वांत अशक्त तीच असते. बँक खातं, आधार, नवऱ्याचं नाव, पत्ता यात जी अडकते तीही तीच. ही तरतूद बदलायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

११. आम्ही ऊसतोडीला जातो. मूल पाच-सहा महिने गावात नसतं. त्याचं काय?

ते दोन्ही याद्यांमधून सुटतं. गावच्या अंगणवाडीत त्याच्या नावापुढे 'स्थलांतरित' लिहिलं जातं आणि कारखान्याजवळच्या तळावर कुणाच्या वहीत त्याचं नाव नसतं. दसरा-दिवाळीनंतर बीडसारख्या जिल्ह्यांतून निघालेली टोळी उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, त्यामुळे खाडा केला तर दंड. बाई पहाटे फडात, मूल पाचटावर. गरोदर बाईही मोळ्या उचलते कारण तिच्याविना कोयता पुरा होत नाही. पालघरचे कातकरी आणि वारली दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, तिथेही हेच.

नियम तुमच्या बाजूचा आहे : जिथे असाल तिथल्या अंगणवाडीने मुलाला घ्यायचं आहे. निघण्यापूर्वी सेविकेकडून पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या मोबाइल ॲपवरची नोंद आणि लसीकरणाचं कार्ड सोबत घ्या. तिला जायचं ठिकाण सांगा म्हणजे नोंद तिकडे हलवता येईल. रेशनही आता राज्यात आणि राज्याबाहेर कुठल्याही दुकानात त्याच कार्डावर मिळतं. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात मुलाचं वजन करून घ्या. सेविकांना विनंती की 'स्थलांतरित' शेरा मारून रकाना बंद करू नका. परत आलेल्या मुलांचा एक वेगळा वजनदिवस ठेवा. लाल पट्टीची मुलं सर्वांत जास्त त्या दिवशी सापडतात.

१२. आमच्या वस्तीत अंगणवाडीच नाही. गावातल्या अंगणवाडीत आमची मुलं जात नाहीत.

पहिला भाग सोपा. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २००६च्या आदेशाप्रमाणे ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिला मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळायला हवी. मुलं कमी असतील तर मिनी अंगणवाडी मागा. ग्रामसभेचा ठराव, मुलांची नावं आणि वयं जोडून अर्ज बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे द्या, पोच घ्या.

दुसरा भाग अवघड. अंगणवाडी गावठाणात, दलित वस्ती ओढ्यापलीकडे, फासेपारध्यांची पालं त्याच्याही पुढे. कुणी अडवत नाही, पण मूल गेलं की वेगळं बसवलं जातं, मदतनीस हात न लावता वरून वाढते. चार दिवसांनी मूल जायचं थांबतं आणि वहीत 'पालक उदासीन' असा शेरा येतो. हे मी स्वतः पाहिलं आहे, आणि त्या शेऱ्याइतका राग मला दुसऱ्या कशाचा आलेला नाही. अस्पृश्यता पाळणं गुन्हा आहे, अंगणवाडीतही. तक्रार करायला माणसं घाबरतात हेही खरं, कारण उद्या त्याच गावात रोजगार मागायचा असतो. अशा वेळी तक्रार गावातल्या माणसाने न करता बाहेरच्या कार्यकर्त्याने किंवा पर्यवेक्षिकेने भेटीच्या अहवालात लिहिणं जास्त सुरक्षित ठरतं. आणि नवी अंगणवाडी बांधायची असेल तर ती वंचित वस्तीत बांधावी. गावठाणातली मुलं तिथे येतील.

१३. घरपोच आहाराची पाकिटं घरातले सगळे खातात, कधी गुरांना घालतात. मग फुकट देऊन काय उपयोग?

घरात पाच तोंडं असतील तर एका मुलाच्या नावाचं पाकीट पाचांतच वाटलं जाणार. उपाशी थोरल्यासमोर धाकट्याला एकट्याला भरवणारी आई कुठे असेल? हा दोष तिचा नाही. गुरांना घालतात ते चव नसते, वास येतो किंवा मुलं तोंड फिरवतात म्हणून. गावातल्या बचतगटाने स्थानिक धान्याचं ताजं बनवलं तर ते संपतं. पाकीट घरी जात असेल तर ते मुलाच्या वाट्याचं आहे हे सासूला आणि नवऱ्याला सांगा; आईला ते आधीच माहीत असतं.

१४. गोळ्या नियमित घेऊनही रक्त वाढत नाही. का?

आधी सोपी कारणं. गोळी चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, चिंच यांसोबत घ्यावी. मळमळते म्हणून अर्ध्या गोळ्या डब्यात राहतात. पोटात जंत असतात. गरोदरपणात किमान १८० दिवस घ्यायच्या गोळ्या तीन महिन्यांतच संपतात.

याउपर वाढत नसेल तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. नंदुरबार, पालघर, अमरावती, गडचिरोली आणि विदर्भातल्या इतर जिल्ह्यांत, आदिवासींबरोबर काही दलित आणि ओबीसी समाजांतही हा आनुवंशिक आजार आहे. त्यात लाल पेशीच लवकर तुटतात. नुसतं लोह देत राहणं हा त्यावर उपाय नाही. किती लोह द्यायचं हे डॉक्टरांनीच ठरवावं. 'गोळ्या खात नाही' म्हणून वर्षानुवर्षं बोलणी खाल्लेल्या बायकांमध्ये सिकलसेल निघाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

१५. तीव्र कुपोषित मुलाला दवाखान्यात भरती करा म्हटलं की आया नाही म्हणतात. इतका अडाणीपणा?

अडाणीपणा म्हणू नका. पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे राहावं लागतं. तोवर घरची दोन मुलं कोण पाहणार, रोजगाराचं काय, म्हातारीला भाकरी कोण देणार? बुडीत मजुरी मिळते, पण उशिरा. आणि परवानगी द्यायची असते नवऱ्याने, तो असतो भट्टीवर. शिवाय मागच्या वेळी दवाखान्यात कुणीतरी तिच्या कपड्यांवरून, भाषेवरून बोललेलं असतं. कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या बाईला तिथे तिची भाषा समजणारं एक माणूस मिळालं तरी ती राहते.

प्रत्येक सॅम मुलाला भरतीची गरज नसते. भूक चांगली असेल आणि ताप, जुलाब, न्यूमोनिया, सूज नसेल तर गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात उपचार होतो. भूक मेलेली असेल किंवा यांतलं काहीही असेल तर भरती टाळू नका. पावसाळ्यात पाडे तुटायच्या आधीच हा निर्णय घ्यावा लागतो.

१६. अधिकारी म्हणतात, 'मृत्यू कुपोषणाने नाही, न्यूमोनियाने झाला.' खरं काय?

दोन्ही. कागदावर शेवटचा आजार लिहितात, म्हणजे न्यूमोनिया, जुलाब, कमी दिवसांचं बाळ. पण पोसलेलं मूल ज्या जुलाबातून आठवड्यात उठतं, त्यातच कुपोषित मूल जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाच वर्षांखालच्या जवळपास निम्म्या मृत्यूंमागे कुपोषण असतं. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून अधिक मुलं गेली तेव्हाही हाच वाद झाला होता. 'कारण काय' यापेक्षा 'आजारी पडण्याआधीच्या तीन महिन्यांत त्याचं वजन किती होतं' हे विचारा. नोंदवही मागा, त्यात उत्तर असतं.

१७. श्रीमंत घरांतही मुलं कुपोषित आढळतात. मग विषमतेचा मुद्दा उरतो कुठे?

सर्वांत वरच्या पंचमांशातही सुमारे २३ टक्के मुलं खुजी आहेत, हे खरं (प्रश्न ३). त्यातलं काही आईच्या लहानपणापासून आलेलं असतं. पैसा एका पिढीत येतो, उंचीला दोन पिढ्या लागतात. काही चुकीच्या आहारातून येतं : बिस्किटं, चहा, पातळ वरणाचं पाणी. देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या केवळ ११.३ टक्के मुलांना पुरेसा आहार मिळतो, आणि हे फक्त गरिबांचं दुखणं नाही. मात्र तिथल्या मुलाच्या हाताशी डॉक्टर, पाणी, संडास आणि सवड असते, त्यामुळे त्याचं कुपोषण बहुधा त्याच्या जिवावर उठत नाही.

१८. आमच्या वस्तीत आई जाड आणि मूल लुकडं, असं दिसतं. हे कसं?

शहरी वस्त्यांत हे आता नेहमीचं आहे. महाराष्ट्रात २३.४ टक्के बायकांचं वजन जास्त आहे, म्हणजे हडकुळ्या बायकांहून थोड्या अधिकच. स्वस्तात मिळतं ते तेल, साखर, मैदा. डाळ, दूध, फळ, अंडं महाग. त्या आईचं रक्त तपासा, बहुधा कमीच निघेल.

१९. अंडी द्यायची की नाही यावरून आमच्याकडे वाद आहे.

ज्या घरात अंडं खातात त्या मुलाला ते मिळू द्यावं. जे खात नाहीत त्यांना केळं देता येतं, अमृत आहार योजनेत तशी सोय आहे. अंड्यात भेसळ होत नाही, पाणी घालता येत नाही आणि एका मुलाचा वाटा दुसऱ्याला जात नाही. न खाणाऱ्यांच्या भावनेपोटी खाणाऱ्या गरीब मुलाचं अंडं बंद करणं मला अन्यायाचं वाटतं.

२०. अंगणवाडीतली वजनाची नोंद चुकीची वाटते. काय करू?

पुन्हा वजन करायला सांगा, तो तुमचा अधिकार आहे. काटा शून्यावर आहे ना, मुलाच्या अंगावर जाड कपडे, कडदोरा, वाळे नाहीत ना, एवढं पाहा. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी निजवून मोजायची, त्यापुढच्याची उंची उभं करून. वय महिन्यांत बरोबर धरलं आहे का ते नक्की पाहा, कारण दोन महिन्यांच्या फरकानेही लाल गटातलं मूल दुसऱ्या गटात जाऊ शकतं.

नोंदी खाली-वर का होतात, हेही समजून घ्या. सॅम मुलं वाढली की सेविकेला वरून जाब विचारला जातो, शून्य दाखवलं की कुणी विचारत नाही. मग आकडा मुकाट्याने सुधारतो. ज्या अंगणवाडीत लाल पट्टीची मुलं जास्त सापडतात तिथली सेविका बहुधा पाड्यापाड्यावर फिरणारी असते. तेव्हा तक्रार तिच्या विरोधात लिहू नका. तिला सोबत घ्या, दोघींच्या सहीने पर्यवेक्षिकेकडे फेरमोजणीचा अर्ज द्या, आणि त्या दिवशी वस्तीतलं एकही मूल शेतावर किंवा भट्टीवर राहणार नाही एवढं बघा.